गेममध्ये नेमलेलं रिझोल्यूशन टिकत नाही किंवा यादीतच दिसत नाही: नेमकं कुठे अडकतं ते शोधा

ही तक्रार चार रूपांत येते. हवा तो आकडा, म्हणजे चित्राची पिक्सेलमधली रुंदी×उंची, गेमच्या यादीतच नसतो. किंवा असतो, पण निवडला की मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो आणि पडदा काळा होतो. किंवा निवडला, नीट चालला, पण गेम बंद करून पुन्हा उघडला की जुनाच आकडा परत येतो. किंवा आकडा बसतो, पण चित्र धूसर दिसतं, कडेला काळ्या पट्ट्या येतात, माउसचा बाण एकीकडे आणि क्लिक भलतीकडे लागतं. या चारही दुखण्यांची कारणं वेगळी आहेत, तरी उपाय मात्र बहुतेक जण एकच करतात: गेम काढून पुन्हा टाकतात. त्याने यातलं जवळपास काहीच सुटत नाही, कारण बिघाड बहुधा गेमच्या फाइलींमध्ये नसतोच.

खाली फाइलींची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी आकड्यांसह आणि सांगितलं नसेल तिथे मध्ये जागा न सोडता लिहा.

आधी एवढं तपासा

मॉनिटर स्वतःची माहिती ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून ग्राफिक्स कार्डाला देतो. तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो, आणि एचडीएमआयवर त्याला बहुधा आणखी १२८ बाइटची पुरवणी जोडलेली असते. त्यावरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, रिझोल्यूशनची यादी तयार करतो, ती विंडोज घेतं, आणि पूर्ण पडद्यावर चालणारा गेम विंडोजकडून ती मागून घेतो. म्हणजे गेमच्या मेन्यूतली यादी सहसा गेमची नसतेच. ड्रायव्हरला जो आकडा माहीत नाही तो गेम कुठून दाखवणार?

म्हणून पहिली चाचणी विंडोजमध्ये करायची. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा, ‘डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज’ उघडा आणि अडॅप्टर टॅबवरचं ‘लिस्ट ऑल मोड्स’ दाबा. या लांबलचक यादीत तुम्हाला हवी असलेली रुंदी, उंची आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा) अशी तिन्ही एकाच ओळीत सापडली, तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि दोष गेमच्या बाजूला आहे. ओळ नसेल तर गेमला हात लावू नका, काम ड्रायव्हरमध्ये आहे. या एका चाचणीने निम्मा शोध संपतो, आणि नेमकी हीच वगळली जाते.

रिफ्रेश रेटही बघायचा, हे मुद्दाम सांगावं लागतं. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर कुणी १४४०×१०८० बनवतं, आकडे भरताना रेट ६० वरच राहतो, आणि मग गेम ‘अडखळतो’ म्हणून ग्राफिक्स सेटिंग्ज कमी करत बसतं. प्रत्येक कस्टम रिझोल्यूशन, म्हणजे आपण हाताने घातलेली नोंद, त्याच्या रिफ्रेश रेटसह जन्माला येतं. १४४ हवा असेल तर १४४ ची वेगळी नोंद करावी लागते.

त्याच ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ अशा दोन ओळी असतात. पहिली म्हणजे विंडोज काय रंगवतंय, दुसरी म्हणजे केबलमधून मॉनिटरकडे खरोखर काय जातंय. पहिली १४४०×१०८० आणि दुसरी १९२०×१०८० दिसली तर चित्र ताणण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतंय. दोन्ही १४४०×१०८० असतील तर ते मॉनिटर करतोय. पट्ट्या आणि धूसरपणाच्या तक्रारीत ही माहिती लागेल.

यादीत नसलेला आकडा ड्रायव्हरमध्ये घालणं

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’ पानावर खाली ‘कस्टमाइझ’ बटण आहे. आत ‘डिस्प्ले न दाखवत असलेली रिझोल्यूशन्स चालू करा’ अशा अर्थाचा चौकोन आधी टिक करा, मग ‘क्रिएट कस्टम रिझोल्यूशन’. रुंदी, उंची, रेट भरून ‘टेस्ट’ दाबा. पडदा काही क्षण काळा होतो. चित्र आलं तर जतन करा, नाही आलं तर हात न लावता थांबा, ते आपोआप मागे फिरतं. एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर ‘कस्टम रिझोल्यूशन्स’ आहे, आणि इंटेलच्या ग्राफिक्स ॲपमध्येही डिस्प्लेच्या भागात ही सोय मिळते.

लॅपटॉपवर एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये डिस्प्लेचा भागच गायब दिसला तर ड्रायव्हर बिघडलेला नाही. बऱ्याच लॅपटॉपचा पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. एनव्हिडियाची चिप चित्र तयार करते आणि त्या ग्राफिक्समार्फत पडद्यावर पाठवते. अशा वेळी नोंद इंटेलच्या किंवा एएमडीच्या पॅनेलमध्ये करायची. लॅपटॉपला मक्स स्विच असेल तर पडदा थेट एनव्हिडियाला जोडता येतो, आणि मग तो भाग परत दिसू लागतो.

रुंदी ८ ने भाग जाणारी ठेवा. टायमिंगच्या, म्हणजे मॉनिटरकडे जाणाऱ्या सिग्नलची मोजमापं ठरवण्याच्या, सीव्हीटी पद्धतीत रुंदी ८ पिक्सेलच्या टप्प्यांत धरली जाते. त्यामुळेच १३६६×७६८ च्या पडद्यावर यादीत १३६० किंवा १३६८ असे आकडे डोकावतात. १४४०, १२८०, १६८०, १७२८ हे सगळे चालतात. १५०० भरलंत तर ड्रायव्हर नकार देईल किंवा तिरकं, फाटलेलं चित्र येऊ शकतं.

पॅनेलमधून जमत नसेल तर सीआरयू, म्हणजे कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो मॉनिटरला हात लावत नाही. ईडीआयडीची बदललेली प्रत रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ठेवतो आणि ड्रायव्हर ती खरी मानतो. वरच्या सूचीतून योग्य मॉनिटर निवडा, ‘डिटेल्ड रिझोल्यूशन्स’मध्ये नवी नोंद घाला, टायमिंग आपोआप काढू द्या, ओके करा. नंतर त्याच फोल्डरमधली रीस्टार्ट६४ ही फाइल चालवा. तोवर बदल लागू होत नाही. एकच मॉनिटर एचडीएमआयवर आणि डिस्प्लेपोर्टवर वेगळी नोंद म्हणून दिसू शकतो. केबल बदलल्यावर ‘सगळं पुसलं गेलं’ असं वाटतं ते यामुळे. सुरू करण्याआधी रीसेट-ऑल ही फाइल कुठे आहे ते बघून ठेवा. पडदा काळा झाल्यावर शोधाशोध करण्यात अर्थ नसतो.

नोंद करण्याचं बटणच राखाडी असेल, तर मॉनिटर डीएससी वापरतोय का पाहा. ४के (३८४०×२१६०) १४४ हर्ट्झसारख्या मॉनिटरवर केबलची क्षमता पुरत नाही, म्हणून सिग्नल दाबून पाठवला जातो, आणि डीएससी चालू असताना बऱ्याच कार्डांवर कस्टम रिझोल्यूशन बंद राहतं. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत डीएससी बंद करता येतं, किंवा डिस्प्लेपोर्टची आवृत्ती खाली आणता येते. बदल्यात वरचा रिफ्रेश रेट जातो.

काळा पडदा: बेरीज-गुणाकार कुठे चुकतो

‘आउट ऑफ रेंज’ आलं की लोक रिझोल्यूशन जास्त झालं असं धरतात. खरी मर्यादा पिक्सेल क्लॉकची, म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल पाठवले जातात त्याची, असते. दिसणाऱ्या पिक्सेलशिवाय प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चौकटीच्या शेवटी रिकामी जागा असते, तीही केबलमधून जाते. १९२०×१०८० चा ६० हर्ट्झचा नेहमीचा सिग्नल प्रत्यक्षात २२००×११२५ चा असतो. त्याला ६० ने गुणलं की १४८.५ मेगाहर्ट्झ. जुन्या एचडीएमआयची, म्हणजे १.२ पर्यंतची, आणि सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ आहे. एचडीएमआय १.४ ची ३४०, २.० ची ६००.

आता कुणाला १०८०पी चा, म्हणजे १९२०×१०८० चा, ६० हर्ट्झ मॉनिटर ७५ वर न्यायचा आहे. त्याच २२००×११२५ ला ७५ ने गुणलं तर १८५.६. ‘सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक’ निवडून रिकामी जागा कमी केली तरी सुमारे १७४.५ होतं. दोन्ही १६५ च्या वर, म्हणून जुन्या पोर्टवर पडदा काळा. ७० हर्ट्झला रिड्यूस्ड ब्लँकने सुमारे १६२.५ येतं, म्हणजे ते बसतं. हाच मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडला तर ७५ मुकाट्याने चालून जाऊ शकतो, कारण अडचण पडद्याची नव्हती, वाटेची होती. त्यामुळे टायमिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ने जमलं नाही तर पुढचा प्रयत्न रिड्यूस्ड ब्लँकचा करा, आणि मगच आकडा कमी करा. एलसीडीला ती मोठी रिकामी जागा लागत नाही. जुन्या काचेच्या ट्यूबला किरण परत फिरवायला वेळ हवा असे, त्याचा तो वारसा आहे.

पडद्याच्या मूळ आकड्यापेक्षा मोठं रिझोल्यूशन हवं असेल, समजा १०८०पी वर १४४०पी, तर कस्टम नोंद हा चुकीचा रस्ता आहे. २५६०×१४४० ला ६० हर्ट्झवर रिड्यूस्ड ब्लँकनेही सुमारे २४१.५ मेगाहर्ट्झ लागतात, आणि केबलने ते पोचवलं तरी मॉनिटरच्या आतला स्केलर (चित्राचा आकार बदलणारा भाग) ते घेईलच असं नाही. यासाठी एनव्हिडियात डीएसआर, एएमडीत व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन आहे. कार्ड मोठं चित्र बनवतं, स्वतः लहान करतं आणि केबलमधून मूळ सिग्नलच पाठवतं. डीएसआरचा गुणक एकूण पिक्सेलचा असतो हे लक्षात ठेवा. ४.०० म्हणजे प्रत्येक बाजू दुप्पट, चौपट नव्हे. २.२५ म्हणजे प्रत्येक बाजू दीडपट, म्हणजे २८८०×१६२०. १.७८ ला २५६०×१४४० मिळतं. गुणक टिक केला की नवा आकडा गेमच्या यादीत दिसतो. तरीही न दिसल्यास गेम बहुधा बॉर्डरलेस चालतोय, त्याबद्दल खाली.

पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. विंडोजच्या सेटिंग्जमधून बदल केला असेल तर तुम्ही संमती दिली नाही की १५ सेकंदांत तो मागे फिरतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबले की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागलं नाही तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन ३ दाबा. विंडोज कमी रिझोल्यूशनमध्ये उघडेल. सीआरयू वापरलं असेल तर तिथून रीसेट-ऑल चालवा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

यादीत आहे, पण गेम ऐकत नाही

आधी डिस्प्ले मोड बघा. ‘बॉर्डरलेस’ किंवा ‘विंडोड फुलस्क्रीन’ म्हणजे पडद्याएवढी, कडा नसलेली खिडकी. तिला पडद्याचा मोड बदलण्याचा अधिकारच नसतो, ती डेस्कटॉपचं रिझोल्यूशन घेते. रिझोल्यूशनची ओळ राखाडी असेल तर कारण बहुतेक वेळा हेच. एकतर मोड ‘फुलस्क्रीन’ करा, नाहीतर गेम उघडण्याआधी डेस्कटॉपचंच रिझोल्यूशन बदला. डायरेक्टएक्स १२ च्या अनेक गेममध्ये ‘फुलस्क्रीन’ लिहिलेलं असलं तरी आत बॉर्डरलेसच असतं, तिथे डेस्कटॉपचं रिझोल्यूशन बदलण्याचाच मार्ग चालतो. ताणलेलं १४४०×१०८० बसत नाही, डीएसआरचा आकडा दिसत नाही, या तक्रारी बहुतेक इथेच मिटतात.

दुसरं कारण विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं मोठी दाखवण्याचे टक्के, आणि ते ओळखायला आकडे पुरतात. १९२०×१०८० चा पडदा १२५ टक्क्यांवर असेल आणि गेममध्ये कमाल १५३६×८६४ दिसत असेल, तर विंडोज त्या गेमला खोटा आकडा सांगतंय. १५० टक्क्यांना १२८०×७२० दिसेल. २५६०×१४४० ला १२५ टक्क्यांवर २०४८×११५२, आणि ४के ला १५० टक्क्यांवर २५६०×१४४०. क्लिक बाणापासून सरकून लागणं, चित्राचा खालचा-उजवा भाग पडद्याबाहेर जाणं, हीही याचीच लक्षणं. गेमच्या मूळ ईएक्सई फाइलवर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालचा ओव्हरराइडचा चौकोन टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. हे लाँचरच्या (गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलवर करून उपयोग नाही, लाँचर ज्या फाइलला उठवतो तिच्यावर करायचं. टास्क मॅनेजरमध्ये चालू गेमवर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हटलं की ती नेमकी सापडते.

दोन मॉनिटर असतील तर तुम्ही दुसऱ्यावर खेळणार असलात तरी गेम बहुधा मुख्य मॉनिटरची यादी वाचतो. हवा तो मॉनिटर आधी मुख्य करा, नंतर गेम उघडा.

आकडा फाइलमध्ये लिहिणं

गेमच्या मेन्यूने दाद दिली नाही तर आकडा थेट फाइलमध्ये लिहिता येतो; गेम ज्या इंजिनवर (पायाभूत सॉफ्टवेअरवर) बनला आहे त्यानुसार तिची जागा ठरलेली असते. काहीही बदलण्यापूर्वी गेम पूर्ण बंद करा, कारण बरेच गेम बंद होताना स्वतःची प्रत वरून लिहितात, आणि फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

अनरियल इंजिनच्या गेममध्ये ‘गेमयूजरसेटिंग्ज’ नावाची आयएनआय फाइल असते. लोकलॲपडेटा फोल्डरात गेमचं नाव, त्यात सेव्ह्ड, त्यात कॉन्फिग, त्यात अनरियल ४ असेल तर ‘विंडोजनोएडिटर’ आणि ५ असेल तर बहुधा ‘विंडोज’. फाइलमध्ये ‘रिझोल्यूशनसाइजएक्स’ आणि ‘रिझोल्यूशनसाइजवाय’ या दोन ओळी बदलून लोक थांबतात. तिथेच ‘लास्टयूजरकन्फर्म्डरिझोल्यूशनसाइजएक्स’ आणि ‘वाय’ अशी दुसरी जोडी असते, ती गेमने शेवटच्या संमत आकड्यासाठी ठेवलेली. दोन्ही जोड्या सारख्या केल्या नाहीत तर गेम ‘संमती मिळाली नाही’ असं समजून जुन्या आकड्यावर परतू शकतो. ‘फुलस्क्रीनमोड’ची किंमत ० म्हणजे खरा फुलस्क्रीन, १ बॉर्डरलेस, २ खिडकी. तिथलीच ‘एसजी.रिझोल्यूशनक्वालिटी’ ही ओळ टक्क्यांची आहे. ती १०० ऐवजी ५० असेल तर रिझोल्यूशन कितीही वाढवा, चित्र धूसरच दिसेल.

युनिटीच्या गेममध्ये हे आकडे विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात: करंट यूजर, सॉफ्टवेअर, कंपनीचं नाव, गेमचं नाव. आत ‘स्क्रीनमॅनेजर रिझोल्यूशन विड्थ’ आणि ‘हाइट’ अशा नोंदी दिसतील, नावापुढे आकड्यांची शेपूट असते ती तशीच ठेवा. नोंद उघडल्यावर ‘डेसिमल’ निवडायला विसरू नका. पेटी हेक्साडेसिमलवर (१६ च्या पायाच्या मोजणीवर) उघडते. तिथे १४४० टाइप केलं तर गेमला ५१८४ मिळतं, १०८० चं ४२२४ होतं, आणि खिडकी पडद्यापलीकडे निघून जाते. रजिस्ट्री नको असेल तर लाँच ऑप्शन्समध्ये (गेम सुरू होताना द्यायच्या आज्ञांच्या ओळीत) ‘-स्क्रीन-विड्थ १४४० -स्क्रीन-हाइट १०८० -स्क्रीन-फुलस्क्रीन १’ लिहा. स्टीममध्ये हे गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरलच्या पानावर असतं. अनरियलसाठी तेच ‘-रेसएक्स=१४४० -रेसवाय=१०८० -फुलस्क्रीन’. एकाला आकड्याआधी जागा लागते, दुसऱ्याला बरोबरचं चिन्ह; हे उलटं झालं की आज्ञा कुठलीही चूक न दाखवता निमूट गिळली जाते.

काउंटर-स्ट्राइक २ ची फाइल स्टीमच्या यूजरडेटा फोल्डरात, तुमच्या क्रमांकाखाली, ७३०, लोकल, सीएफजी मध्ये ‘सीएस२_व्हिडिओ’ नावाने असते. ‘सेटिंग.डिफॉल्टरेस’ ही रुंदी आणि ‘सेटिंग.डिफॉल्टरेसहाइट’ ही उंची. क्वेक ३ च्या पिढीतल्या गेमना ‘आर_मोड’ला उणे १ द्यावं लागतं, नाहीतर ‘आर_कस्टमविड्थ’ आणि ‘आर_कस्टमहाइट’ कितीही नीट भरा, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत लाँचरमधला आकडा फक्त खिडकीचा असतो. पूर्ण पडद्याचा आकडा गेमच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये वेगळा आहे.

फाइल बदलली, तरी पुन्हा जुनंच

क्लाउड सेव्ह हा पहिला संशयित. तुम्ही फाइल बदलता, लाँचर गेम उघडण्याआधी सर्व्हरवरची जुनी प्रत खाली उतरवतो. गेमच्या प्रॉपर्टीजमधून क्लाउड बंद करा, फाइल बदला, गेम एकदा उघडून नीट मेन्यूतून बाहेर पडा, मग क्लाउड पुन्हा चालू करा. दोन प्रतींपैकी कोणती ठेवू असं विचारलं तर संगणकावरची निवडा. सगळे गेम सेटिंग्जची फाइल क्लाउडवर नेत नाहीत, म्हणून हे एका गेममध्ये होतं आणि दुसऱ्यात नाही.

दुसरा संशयित विंडोज सिक्युरिटीतलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. ते चालू असेल तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स फोल्डरात लिहू दिलं जात नाही. गेम आकडा बदलतो, त्या वेळेपुरता वापरतो, पण जतन करू शकत नाही. बरेच गेम याबद्दल अक्षरही बोलत नाहीत. विंडोज सिक्युरिटीच्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त अडवल्याची नोंद मिळते, तिथून त्या ईएक्सईला परवानगी द्या. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर स्वतःकडे घेतलं असेल तर तुम्ही बदललेली फाइल आणि गेम वाचतो ती फाइल या दोन वेगळ्या असू शकतात. कुठल्या फाइलची वेळ गेम बंद केल्यावर बदलते ते बघा, तीच खरी.

फाइल ‘रीड ओन्ली’ करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. चालतो, पण त्यानंतर आवाज, बटणं, संवेदनशीलता यातलं जे काही त्याच फाइलमध्ये असेल तेही जतन होणार नाही, आणि दोन आठवड्यांनी हे विसरून नवीच समस्या शोधायला बसावं लागतं. वरची दोन कारणं तपासून झाल्यावरच हा उपाय करा.

बसलं, पण दिसायला वाईट

काळ्या पट्ट्या म्हणजे स्केलिंगने प्रमाण जपलं आहे. १४४०×१०८० आणि १२८०×९६० ही दोन्ही ४:३ आहेत, १६:९ च्या पडद्यावर ती मधोमध बसणारच. ताणून हवं असेल तर एनव्हिडियाच्या ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइज अँड पोझिशन’ पानावर ‘फुलस्क्रीन’, स्केलिंग ‘जीपीयू’वर (म्हणजे ग्राफिक्स कार्डावर), आणि ‘गेमने ठरवलेलं स्केलिंग डावला’ अशा अर्थाचा चौकोन टिक करा. हा शेवटचा चौकोन राहिला की डेस्कटॉप ताणलेला दिसतो आणि गेममध्ये पट्ट्या परत येतात. एएमडीत जीपीयू स्केलिंग चालू करून ‘फुल पॅनेल’. सगळं केलं तरी पट्ट्या राहिल्या तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत आस्पेक्टची (रुंदी-उंचीच्या प्रमाणाची) निवड बघा.

धूसरपणाचं गणित सोपं आहे. निवडलेला आकडा पडद्याच्या मूळ आकड्याला पूर्णांकाने भागून आलेला असेल तर चित्र स्वच्छ राहू शकतं: १०८०पी वर ९६०×५४०, १४४०पी वर १२८०×७२०, ४के वर १९२०×१०८० किंवा १२८०×७२०. त्यासाठी ड्रायव्हरमध्ये ‘इंटिजर स्केलिंग’ चालू करावं लागतं, नाहीतर कार्ड इथेही कडा पुसट करतं. पिक्सेल आर्टच्या जुन्या गेमना याने जीव येतो. १६००×९०० सारखा आकडा १०८०पी वर कधीच धारदार दिसणार नाही, कुठलंही सेटिंग फिरवा.

आणि हेतू फक्त वेग वाढवणं असेल तर कस्टम रिझोल्यूशनचा खटाटोपच सोडा. गेममध्ये ‘रेंडर स्केल’ किंवा ‘रिझोल्यूशन स्केल’ असेल तर पडद्याचं मूळ रिझोल्यूशन ठेवून तो ८० टक्क्यांवर आणा. टक्के प्रत्येक बाजूचे असतील तर पिक्सेल ६४ टक्केच उरतात, म्हणजे कार्डावरचा भार भरपूर उतरतो, आणि अक्षरं, नकाशा, मेन्यू मात्र मूळ रिझोल्यूशनमध्ये धारदार राहतात. शिवाय मोड बदलत नसल्यामुळे ऑल्ट-टॅबला पडदा काळा होत नाही.

रुंद पडद्यांवर उलटा प्रश्न येतो. ३४४०×१४४० निवडता येतं, पण डोकं आणि पाय कापल्यासारखं दिसतं. असे गेम आडवी दृष्टी कायम ठेवून उभी कापतात. गेममधला फील्ड ऑफ व्ह्यू (किती दृश्य दिसतं ते) वाढवणं हा पहिला उपाय. कथेच्या चित्रफितींच्या कडेला पट्ट्या येणं बहुतेक गेममध्ये मुद्दाम असतं. काही ऑफलाइन गेममध्ये ईएक्सईतलं गुणोत्तर हेक्स एडिटरने बदलतात: १६:९ ची खूण ३९ ८ई ई३ ३एफ, तिच्या जागी ३४४०×१४४० साठी ८ई ई३ १८ ४०. ऑनलाइन गेममध्ये हे करू नका. अँटी-चीटच्या (फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दृष्टीने बदललेली ईएक्सई म्हणजे फसवणूक, हेतू काहीही असो.

टीव्हीवर खेळणाऱ्यांना आणखी एक खोडी भेटते. टीव्ही ईडीआयडीत ४०९६×२१६० ही जाहीर करतो, गेम ‘सर्वांत मोठा’ आकडा म्हणून तीच उचलतो, आणि चित्र दबलेलं दिसतं किंवा पट्ट्या येतात. गेमच्या यादीत ३८४०×२१६० हातानं निवडा. तरी दर वेळी उलटत असेल तर सीआरयूच्या पुरवणी भागातून ४०९६ च्या नोंदी काढून टाका. कडा पडद्याबाहेर जात असतील तर टीव्हीच्या मेन्यूतलं ओव्हरस्कॅन बंद करा, संगणकाकडून भरपाई करायला गेलात की धूसरपणा येतो.

अगदी जुने, डायरेक्टड्रॉवर (विंडोजच्या जुन्या चित्र-प्रणालीवर) चालणारे गेम ६४०×४८० किंवा ८००×६०० ला खिळलेले असतात. त्यांच्यात नवा आकडा घुसवण्यापेक्षा डीजीव्हूडू २ सारखा मधला थर वापरून त्यांना मूळ आकड्यात चालू द्यावं आणि ताणण्याचं काम त्या थरावर सोपवावं. काही जुने गेम ड्रायव्हरची यादी फार लांब झाली की उघडताच कोसळतात; प्रयोगात बनवलेल्या वीस कस्टम नोंदी पुसल्यावर ते पूर्ववत चालतात.

लिनक्सवर पडदा हाताळणारी जुनी प्रणाली एक्स११ असेल तर ‘सीव्हीटी’ या आज्ञेने टायमिंगची ओळ काढून ‘एक्सरँडआर’च्या न्यूमोड आणि ॲडमोडने ती जोडता येते. वेलँड या नव्या प्रणालीवर हा मार्ग चालत नाही. तिथे ‘गेमस्कोप’ वापरा: लहान डब्ल्यू आणि लहान एच म्हणजे गेमला सांगायचा आकडा, मोठ्या लिपीतले तेच दोन म्हणजे पडद्यावर उमटणारा. स्टीम डेकवर प्रत्येक गेमच्या प्रॉपर्टीजमध्येच ‘गेम रिझोल्यूशन’ आहे. बाहेरच्या पडद्याला जोडल्यावर गेम १२८०×८०० वरच अडकला तर तिथे ‘नेटिव्ह’ करा.

ड्रायव्हर अद्ययावत करताना ‘क्लीन इन्स्टॉल’ टिक केलं की पॅनेलमधल्या सगळ्या कस्टम नोंदी जातात, आणि स्केलिंगचे चौकोनही मूळ जागी येतात. रुंदी, उंची, रेट आणि टायमिंगचा प्रकार या चार गोष्टींचा स्क्रीनशॉट आधी घेऊन ठेवा. सीआरयूमध्ये ‘एक्सपोर्ट’ने फाइलच काढता येते.